कान्याची कळ

अन्याय झाला तो डोंगरातल्या आहुपे गावाच्या वरच्या अंगाला एकटी राहणाऱ्या एका आजीवर. कधी झाला? गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी बाराला पाच कमी असताना, घोडेगावातल्या एका कचेरीच्या खिडकीत. कुणी केला, ते पुढे वाचून तुम्हीच ठरवा. माझ्या हिशेबाने दोषी बरेच आहेत, आणि त्यांत स्पंजचा एक तुकडासुद्धा आहे.

पत्रकाची पहिली ओळ अशीच लिहायची, हे मला माझ्या आत्याने शिकवलं. "कुणावर, कधी, कुठं. आधी एवढं सांग, मग बोंबल," असं ती म्हणायची. शेवटच्या ओळीत मागणी. मधे कितीही राग असू दे, पण वाचणाऱ्याला वाट चुकू द्यायची नाही. मी आजवर जेवढी पत्रकं लिहिली तेवढी तिच्या मशीनवर टाइप झाली. हे पहिलंच असं की जे ती टाइप करू शकत नाही. का, तेच सांगायला बसलेय.

आत्या मूळची आमच्या डिंगोऱ्याची. तरुणपणी रोज जुन्नरला जाऊन मराठी टायपिंग शिकली. तेव्हा डोळे होते. पंचविशीच्या आत नजर मंद होत गेली आणि मग विझलीच. ठरलेलं लग्न मोडलं. राहिली ती बोटं. घोडेगावात कचेऱ्यांसमोर चहाच्या टपरीला लागून तिने टेबल टाकलं आणि लोकांचे अर्ज टाइप करून द्यायला लागली. सुरुवातीला लोक हसले. आंधळी काय टाइप करणार! अरे, टायपिंगच्या क्लासात पहिल्याच आठवड्यात बोटांवर फडकं टाकतात आणि सांगतात, बघायचं नाही. बाकीच्यांचं फडकं परीक्षेनंतर निघतं. आत्याचं निघालं नाही, एवढाच फरक.

आधी तिच्याकडे खटक्याचं जुनं मशीन होतं, लोखंडी. त्यावर अक्षर एवढं जोरात बसायचं की कागदाच्या पाठीवर उठून यायचं. टाइप झालं की ती कागद उलटा करून बोट फिरवायची आणि म्हणायची, "तिसऱ्या ओळीत एक अक्षर हुकलंय." पुढे बोटांचे सांधे सुजले, ती लोखंडी दणकी सोसेनात. त्याच सुमाराला टायपिंगच्या परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या, जुन्नरचा तिचा क्लास बंद पडला आणि क्लासच्या सरांनी त्यांच्याकडचा एक इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर तिला देऊन टाकला. टपरीवरून वायर ओढली की चालू. कळीला नुसतं बोट टेकवलं तरी पुरतं. आत्या म्हणाली, "हे तर लोण्यावर टाइप केल्यागत वाटतंय."

पण लोण्याला आवाज नसतो. हे मशीन बोटांबरोबर चालत नाही, बोटांच्या मागून चालतं. आख्खी ओळ पोटात साठवतं आणि मग एका दमात टकटकटकटक करून छापून टाकतं. कुठलं अक्षर उमटलं आणि कुठलं राहिलं, कानाला लागत नाही. कागदाची पाठही गुळगुळीत. म्हणजे आत्याकडे तपासायला जे दोन मार्ग होते, कान आणि बोट, ते दोन्ही या मऊ मशीनने काढून घेतले. तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मशीन चांगलं चालत होतं ना!

आता कान्याचं सांगते, कारण सगळं त्यावर अडलंय. मराठी टाइपरायटरवर काना ही एक स्वतंत्र कळ असते, उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. ती नुसती 'का', 'मा', 'रा' यांच्यापुरती नाही. ख, घ, ण, थ, ध, भ, श ही अक्षरं मशीनवर पूर्ण नसतातच. अर्धं अक्षर एका कळीवर आणि त्याची उभी रेघ कान्याच्या कळीवरून घ्यायची. म्हणजे मराठी लिहिणारा माणूस सगळ्यात जास्त जर कुठली कळ दाबत असेल तर ही. आणि ती दाबली पण उमटली नाही, तर कागदावर रिकामी जागाही उरत नाही. पुढचं अक्षर सरकून चिकटतं. ओळ एकदम नीटनेटकी दिसते. बघणाऱ्याला वाटतं, लिहिणाऱ्यालाच येत नाही.

त्या सोमवारी मी आळेफाट्याला पत्रकं वाटत होते. घडलं ते टपरीवाल्या भाऊंनी मला सांगितलं, आणि त्यांना सगळ्यांच्या नकला करायची सवय असल्यामुळे जसंच्या तसं सांगितलं.

आजी सकाळच्या एसटीने डोंगरातून उतरल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी बिबट्याने त्यांची गाय मारली. देवराईच्या कडेला, घरापासून हाकेच्या अंतरावर. भरपाई हवी तर पंचनामा होईपर्यंत गायीला हात लावायचा नाही हा नियम त्यांना ठाऊक होता, म्हणून त्यांनी हात लावला नाही. घरून आणलेल्या चार काटक्या आडव्या टाकून, घोंगडी पांघरून त्या खाली आल्या. मागणी एकच होती. या आणि बघा. आत्याने अर्ज टाइप केला, आजींनी अंगठा दिला आणि त्या खिडकीत गेल्या.

खिडकीतल्या माणसाने कागद डोळ्यांजवळ धरला.

"आजी, गाय मेली का?"

"मेली न्हाई साहेब. मारली. बिबट्यानं."

"इथं तर लिहिलंय मरली. मेल्या जनावराला आम्ही काय करणार? आणि थांबा थांबा, गायसुद्धा नाही हो ही. गय! 'बिबट्यने गय मरली.' कुठल्या शाळेत शिकली तुमची टायपिस्ट?"

रांगेतले हसले. आतले दोघं हसले. अर्ज परत.

गय कशाला म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. 'पुन्हा केलंस तर गय करणार नाही,' म्हणतो ना आपण, ती गय. थोडी दया, थोडी सूट. त्या माणसाने आपल्याच खिडकीत, आपल्याच तोंडाने, मोठ्याने वाचून दाखवलं की गय मरली. आणि त्याला त्याचा अर्थ लागला नाही. मी असते तर तिथेच लावून दिला असता.

आजी टेबलाकडे परत आल्या आणि आत्याला म्हणाल्या, "बाई, तू मरली लिवलंस व्हय?"

आत्याने टपरीवाल्याला हाक मारली. "भाऊ, वाचा."

"असू द्या ना आत्या, जरा चूक झाली असंल."

"वाचा म्हणलं."

त्यांनी वाचलं. तिने परत वाचायला लावलं. मग तिने उजवं मधलं बोट कान्याच्या कळीवर ठेवलं, दाबलं नाही, नुसतं ठेवलं. "माझ्या हातनं झालं."

"मशीननं झालं, आत्या."

"मशीन काय सोताहून टेबलावर येऊन बसतं व्हय?" एवढं बोलून तिने मशीनवर झाकण घातलं. आजींची परतीची बस निघायला आली होती. जाताना त्या म्हणाल्या, "मी बुधवारी येते. तवर कर नीट. मला दुसऱ्या कुनाकडनं न्हाई करायचं."

संध्याकाळी मी आत्याच्या खोलीवर पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. चूल नाही, चहा नाही. मी नेहमीसारखी त्या खिडकीतल्या माणसावर सुटले. उद्याच पत्रक काढू, मोर्चा नेऊ, असलं बरंच काही बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कधीपासनं चाललं असंल हे?"

मला प्रश्न कळला नाही.

"अगं, आजी परत आली म्हणून कळलं. बाकीची माणसं येत न्हाईत परत. मला वाटायचं, कामं झाली म्हणून येत न्हाईत."

मी लिहायला काढलेला कागद घडी करून ठेवला.

"एकेक कळ तपासून दे मला," ती म्हणाली. "सगळ्या. एक जरी खोटी निघाली तरी मी त्या टेबलावर बसायची न्हाई. माणसं माझ्याकडं बोलून जातात, आणि मी त्यांचं बोलणं खाऊन टाकते? आंधळी ती आंधळी, आणि वर लबाड?"

म्हणून आम्ही तपासायला बसलो. ती कळ दाबायची, ओळ छापून घ्यायची, मी वाचायचे. क. उमटला. र. उमटला, पण फिका. म. ठीक. काना. नाही. काना. नाही. काना. आला!

"आला?" ती उसळून म्हणाली.

"आला. परत दाब."

परत आला नाही. त्यानंतर चारदा आला, मग गेला, मग एकदा आला. आत्या म्हणाली, "हे लई वाईट. मेली असती तर कळलं तरी असतं. ही मधनंच जिती व्हते."

मंगळवारी मशीन चादरीत बांधून आम्ही जुन्नरची बस धरली. मांडीवर मशीन, मशीनवर आत्याचे दोन्ही हात. कंडक्टर म्हणाला, "पेटी का ताई? भजनाला निघालात?"

"वाजतीय," आत्या म्हणाली, "पण एक सूर गेलाय."

"मग टाळ घ्या, पावणं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि बस हसली. आत्यापण हसली. सोमवारनंतर पहिल्यांदाच.

जुन्नरच्या बाजारपेठेत शिलाई मशीन दुरुस्तीचं एक दुकान आहे. तिथल्या चाचांना आत्या क्लासला जायची तेव्हापासून ओळखते. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "हे बघ बहन, मी शिलाईवाला माणूस. ह्याच्या पोटात आजपर्यंत शिरलो न्हाई. बिघडलं तर माझ्या नावानं ओरडू नको."

"बिघडलेलंच आहे. शिरा."

झाकणाचे स्क्रू निघाले. रिबीन बाजूला काढली. चपटी वायर जपून सोडवली. कळांची पाटी उलटी झाली आणि मी पहिल्यांदा बघितलं की आत्याच्या बोटाखाली आजवर काय होतं. प्रत्येक कळीच्या खाली प्लास्टिकची पांढरी दांडी, एक बारीक स्प्रिंग, आणि दांडीच्या टोकाला स्पंजची छोटी चकती. चकतीच्या तळाला चंदेरी कागद. बोट कळ दाबतं, दांडी खाली जाते, चंदेरी कागद खालच्या पट्टीवर जाऊन टेकतो, आणि मशीनला कळतं की काना मागितलाय. बस. एवढ्यावर माणसांचे अर्ज.

कान्याची चकती उरलीच नव्हती. स्पंज तपकिरी होऊन त्याचा चिकट चुरा झाला होता, गुळाच्या ढेपेखाली पडतो तसा. चंदेरी कागद सुटून तिरका पडलेला. जेव्हा तो चुकून सरळ व्हायचा तेव्हा काना उमटायचा.

"दाखव मला," आत्या म्हणाली. मी तिचं बोट त्या चुऱ्यावर ठेवलं. तिने तो दोन बोटांत चोळला. "हीच माझी कळ?"

"हो."

"आणि माझी कळ निघंना म्हणून मी रातभर जागी व्हते." ती हसली की रडली, मला सांगता येणार नाही.

चाचांनी पुण्यात कुणालातरी फोन लावला. स्पीकरवर पलीकडचा माणूस इतका वेळ हसला की चाचांनीच फोन ठेवला. "तो बोलतो, ह्याचे पार्ट आता अजबघरात मिळतात."

मग ते म्हणाले, "एक अक्षर मारायचं. त्याचा स्पंज काढून ह्याला लावू. बोला, कुठलं अक्षर नको तुम्हाला?"

मी म्हटलं, "ळ?"

"खबरदार!" आत्या कडाडली. "आळे गावचा माणूस अर्ज करायला आला तर त्याचं गाव काय आलं म्हणून टाकू? गेलं म्हणून टाकू? शाळा काय, डाळ काय, बाळ काय, सगळं जाईल."

"ज्ञ मग."

"प्रतिज्ञापत्र तुझा बाप लिहिणार व्हय?" माझा बाप म्हणजे तिचा भाऊ, पण रागात तिला कुणीही चालतो.

"ऋ?"

तिने विचार केला. "ऋ चालंल. ऋतू कुणाच्या अर्जात येत न्हाई."

"पण त्याच कळीवर खाली पूर्णविराम आहे," मी म्हटलं.

"जाऊ दे तो. माणसं सांगताना कुठं थांबत्यात?"

चाचांनी चिमटा लावला आणि ऋची चकती उचलली. ती चिमट्यातच फुटली. बाहेरून धडधाकट दिसत होती, आतून पीठ. आता काना तर नव्हताच, पूर्णविरामही गेला. मग मीच चिमटा घेतला आणि एकेका कळीखाली बघत गेले. र, भुसभुशीत. त, भुसभुशीत. ल, हात लावला तर सुटेल अशी. तिच्यासमोर मी मोठ्याने सांगत होते आणि प्रत्येक वेळी ती नुसती "हं" म्हणत होती. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर मी सांगणं बंद केलं. तिला तेही कळलं. "सगळ्याच का?" तिने विचारलं. एकही कळ खरी नव्हती. काही आज खोट्या, काही उद्या.

हताश होणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. माझ्या पत्रकांत हा शब्द मी कितीदा वापरला होता! आमच्या लेखी दोषी म्हणजे कुणीतरी माणूस. त्याचं दार असतं, दारासमोर बसता येतं. स्पंजच्या चुऱ्यासमोर काय घोषणा देणार?

चाचा मात्र उठून शेजारच्या दुकानातून वेफरचा पुडा घेऊन आले. वेफर आम्हाला वाटले आणि पुड्याची चंदेरी बाजू पुसून चकती कापली. मोटरसायकलच्या जुन्या सीटचा स्पंज शोधला. डिंक लावला, कान्याखाली बसवला, मशीन जोडलं. आत्याने 'गाय' टाइप केलं. कागदावर आलं, 'गााााााय'. स्पंज जाड झाला होता, कळ वर येईचना.

चाचा कागद बघून म्हणाले, "घ्या! एवढी लांब गाय बिबट्याच्या बापाला पण जाणार न्हाई."

स्पंज खरवडून पातळ केला. परत. आणखी खरवडला. परत. संध्याकाळच्या बसआधी 'गाय मारली' नीट आलं. आत्याने तेच दोन शब्द पानभर टाइप केले, आणि मी पानभर वाचले. सगळीकडे गाय होती, सगळीकडे मारली होती. बसमध्ये तिने मशीनवरून हात काढला नाही, पण मान ताठ होती.

बुधवारी आजी आल्या. फडक्यात नाचणीची भाकर, आत्यासाठी. आत्याने त्यांना जुन्नरची हकिगत सांगितली, ऋची चकती काढल्याचीसुद्धा. आजी म्हणाल्या, "आमच्या राईतनं वाळली काटकी उचलत न्हाईत, आन् तुमी आख्खं अक्षार उपटून काढलं? धाडसी हायसा."

"उपटलं आणि तेही तुटलं," मी म्हटलं.

"मंग? देवाचं उचललं की तसंच व्हतं."

आत्याने झाकण काढलं, बोटं जागेवर ठेवली. आजी सांगायला लागल्या आणि ती टाइप करायला लागली. मी प्रत्येक ओळ वाचत होते. पहिली ओळ स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसऱ्या ओळीत गाय आली, आणि काना आला. मला वाटलं, टपरीवाल्याला मिठी मारावी. चौथ्या ओळीत काना गेला.

"काय झालं?" आत्याने विचारलं, कारण मी वाचायची थांबले होते.

"गेला."

तिने कळ दाबली. जोरात दाबली. मग मुठीने मारली. पुड्याचा चंदेरी कागद डिंकातून सरकला असणार. आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी म्हटलं, आत्या, पुरे. ती म्हणाली, "नवा कागद लाव. मी कान्याच्या जागी मोकळी जागा सोडते. तू पट्टी घे आणि रेघ मार."

आणि आम्ही तसा अर्ज केला. ती टाइप करत होती, जिथे काना तिथे जागा सोडत होती, शब्द संपला की दोन जागा. डोळे नसलेल्या बाईने एकही जागा चुकवली नाही. मग मी पट्टी धरून एकेक उभी रेघ मारली. पूर्णविरामही मीच टोचले. आजी डोकावून म्हणाल्या, "रेघोट्या मारून गाय उभी ऱ्हाती का बघू."

खिडकीतल्या माणसाने कागद उजेडात धरला. "हे हाताने केलंय. दुरुस्त्या चालत नाहीत."

"ही दुरुस्ती नाही, हा काना आहे," मी म्हटलं.

"तेच ते."

"कुठल्या नियमात लिहिलंय चालत नाही म्हणून? दाखवा. अर्ज तोंडी सांगितला तरी लिहून घ्यायला पाहिजे तुम्ही. काना दिसत नसेल तर कान आहेत ना? ही बाई समोर उभी राहून सांगतेय, मारली, मारली, मारली! ऐका की!"

"ओ ताई, आवाज खाली."

मी आवाज खाली करणार नव्हते. पण आजींनी माझी बाही ओढली. "पोरी, तुझ्या भांडणात माझी बस जाईल."

तुम्ही म्हणाल, पलीकडे कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथून का नाही करून घेतला? घेतला. शेवटी तेच केलं. दुकानातल्या पोराकडे 'शेळी'चा अर्ज तयार होता, त्याने शेळी खोडून गाय केली, झटक्यात. खिडकीने तो घेतला, शिक्का मारला. आणखी म्हणाल, आत्याला कॉम्प्युटर शिकवा, फोनला बोलायला लावा, तो ऐकून लिहितो. तेही करून बसलोय. एका काकूंनी फोनला 'हिरडा' सांगितला, फोनने 'हिरो' लिहिला. 'न्हाई' म्हटलं तर त्याने 'नई' लिहिलं आणि पुढे हिंदीत सुटला. बोलणाऱ्या कॉम्प्युटरसाठी कानात बोंडं घालावी लागतात. मग समोरचा माणूस बोलतो ते कुठल्या कानाने ऐकायचं? आणि कळांची रचना वेगळी. तिची बोटं सत्तरीकडे चाललीत. तिला नवी बोटं कुठून आणू?

शिक्का मारलेल्या अर्जावरून पंचनाम्याचा माणूस वर डोंगरात गेला तो पुढच्या आठवड्यात. आजींनी निरोप धाडला त्यातून कळलं. घोंगडी फाटलेली होती. कुत्र्यांनी, कोल्ह्यांनी ओढून नेल्यावर शिंगं आणि थोडी हाडं उरली होती. शेजाऱ्याने फोनवर काढलेल्या फोटोत नुसतं गवत दिसतं. आलेल्या माणसाने लिहिलं, मृत्यूचं कारण सांगता येत नाही. म्हणजे मरली. पहिल्या दिवशी मशीनने जे चुकून लिहिलं होतं, तेच शेवटी सरकारी कागदावर पक्कं झालं.

आत्याने निरोप ऐकला. म्हणाली, "सोमवारी काना आला असता तर मंगळवारी माणूस गेला असता." मी म्हटलं, गेला असताच असं नाही. ती म्हणाली, "माझ्यासाठी खोटं बोलू नको. पत्रकात बोल हवं तर."

ती अजून रोज सकाळी टेबलावर जाते. मशीनवर झाकण असतं. कुणी अर्जाला आलं की ती हाताने पलीकडचं कॉम्प्युटरचं दुकान दाखवते. दिवसभर बसून संध्याकाळी उठते. मी विचारलं, मग बसतेस कशाला? म्हणाली, "ती परत न आलेली माणसं. एखादं आलं तर त्याला विचारायचंय, तुझं काम झालं का. आणि न्हाई झालं म्हणाला, तर त्याचा अर्ज मला फिरून करून द्यायचाय. मीच. दुसऱ्यानं न्हाई." बोलताना तिचं मधलं बोट टेबलाच्या फळीवर आपटत असतं. काना. काना. काना. परवा एक माणूस आलाही. टोपी हातात घेऊन उभा राहिला, राम राम म्हणाला. आवाज ओळखून आत्या म्हणाली, तुम्ही पाऊस संपता संपता आला होतात. तो म्हणाला, हो, न्हाई झालं काम. तिने झाकणाला हात घातला, आणि परत काढून घेतला.

मला आता मोर्चा नको, निवेदन नको. मला मशीन पाहिजे.

जुन्नर आणि आंबेगावात गावोगाव टायपिंगचे क्लास होते. सगळे बंद पडले, पण मशीनं काही विरघळली नाहीत. ती कुणाच्या माळ्यावर आहेत, कुणाच्या दिवाणाखाली, कुणाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्याखाली. काहींच्या कळांखाली स्पंजऐवजी रबर असतं, ते टिकतं. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कुणाचा बाप क्लास चालवायचा, कुणाची बहीण तिथे शिकली, कुणी त्या मशीनचा भंगारवाल्याला भावही विचारून ठेवलाय.

म्हणून उठा. माळ्यावर चढा. धूळ पुसा, वायर लावा, कागद घाला आणि 'गाय मारली' एवढे दोनच शब्द टाइप करा. एकदा नाही, पानभर. गाय गाय राहिली आणि मारली मारली राहिली, तर मशीन चादरीत बांधा आणि घोडेगावची पहिली बस धरा. टपरीशेजारी झाकलेल्या मशीनसमोर एक बाई बसलेली दिसेल. काही बोलू नका. तुमचं मशीन तिच्यासमोर ठेवा आणि तिचं उजवं मधलं बोट कान्यावर टेकवा.